गुडघ्याचा ठणका आणि तितिक्षा

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून तिथे धातूचे भाग बसवतात आणि त्यांच्यामध्ये पॉलिथिलिनची चकती घालतात. भूल उतरली की ठणका सुरू होतो. पहिले काही आठवडे तो रात्री जास्त जाणवतो. श्रद्धाळू रुग्णापुढे अशा वेळी एक जुनाच प्रश्न उभा राहतो: ही वेदना औषधाने शमवावी, की देहाचा भोग म्हणून सोसावी? परिचारिकेने शून्य ते दहामधला आकडा विचारला की सातची कळ तीन म्हणून सांगणारे वडीलधारे थोडे नसतात. सोसण्यात पुण्य आहे असा त्यांचा भाव असतो आणि त्याला आधार गीतेचा दिला जातो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सुखदुःखे येतात-जातात, ती सहन करावीत, असा उपदेश आहे खरा. पण तो केला आहे शस्त्र खाली ठेवून बसलेल्या अर्जुनाला, आणि तो त्याला कर्माकडे वळवण्यासाठी. तिथे सोसणे कर्तव्याच्या सोबतीने येते. गुडघ्याच्या रुग्णाचे कर्तव्यही ठरलेले असते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहायचे, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ दाबायचा, पलंगाच्या कडेला बसून पाऊल मागे ओढत तो हळूहळू नव्वद अंशांपर्यंत आणि पुढे न्यायचा. (गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, पण त्याने सांधा वाकलेलाच राहू लागतो.) हे टळले तर आत व्रणाची ऊती घट्ट होते आणि सांधा आखडतो, काही जणांना पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागतो. रात्रभर कळा काढलेला माणूस सकाळी व्यायामाला पाय पुढे करत नाही. म्हणून वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी देण्याची रीत आहे. न घेतलेली गोळी इथे कर्माच्याच आड येते. सतराव्या अध्यायात तर हट्टाने देहाला पीडा देणारे तप तामस ठरवले आहे.

यापेक्षा अवघड आक्षेप ‘विवेकचूडामणी’तून येतो. परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या या ग्रंथात तितिक्षेच्या, म्हणजे दुःख सोसण्याच्या, तीन अटी आहेत: प्रतिकार करायचा नाही, चिंता करायची नाही, विलाप करायचा नाही. पहिली अट शब्दशः घेतली तर बर्फाचा शेकही वर्ज्य ठरेल. मात्र ही व्याख्या मुमुक्षूच्या, म्हणजे मोक्षाची इच्छा धरणाऱ्याच्या, साधनसंपत्तीत येते. वैराग्य आणि शम-दमानंतरची ती पायरी आहे. ज्याने चालता यावे म्हणून स्वतःहून शस्त्रक्रिया करून घेतली, त्याने प्रतिकाराचा मार्ग आधीच निवडलेला असतो. हाड कापताना भूल चालते आणि दुसऱ्या दिवशी गोळी चालत नाही, या भूमिकेत सुसंगती नाही. चिंता आणि विलाप टाळण्याच्या उरलेल्या दोन अटी मात्र गृहस्थालाही पेलण्यासारख्या आहेत.

वेदना हा देहाचा भोगच आहे, या प्रारब्धाच्या युक्तिवादाला चरकसंहितेच्या विमानस्थानात उत्तर सापडते. सारेच दैवाने ठरलेले असते तर चिकित्सेला अर्थच उरला नसता, अशी तिथली मांडणी आहे. दुर्बळ दैवावर बलवान पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, मात करतो. कॅथलिक परंपरेतही हा प्रश्न उठला होता. वेदना नाकारणे हे ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होण्याचे नाकारणे ठरते का, अशी शंका होती. 1957 साली पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांसमोर स्पष्ट केले की वेदनाशमन स्वीकारण्यास धर्माची आडकाठी नाही.

आजचे वेदनाशमन एका औषधावर विसंबत नाही. मांडीतल्या नसेभोवती बधिरतेचे इंजेक्शन अशा जागी देतात की कळ कमी व्हावी पण मांडीच्या स्नायूची ताकद बरीचशी टिकावी. जोडीला पॅरासिटामॉल, मूत्रपिंड व जठर पाहून दाहशामक औषधे, बर्फ, आणि अफूवर्गीय औषध थोडेच दिवस, कारण त्याने बद्धकोष्ठ, गुंगी आणि पुढे सवयीचा धोका असतो. पोटरी सुजून दुखू लागली किंवा ताप चढला, तर सोसणे बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवायचे असते.

एवढे करूनही काही वेदना उरतेच. बौद्ध सुत्तांतील दोन बाणांचा दृष्टान्त इथे नेमका लागू पडतो: पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मन स्वतःला मारून घेते. ‘आता हे कधीच बरे होणार नाही’ हा विचार म्हणजे तो दुसरा बाण. वेदनेबद्दल असा टोकाचा धसका घेणाऱ्यांना शस्त्रक्रियेनंतर दुखणे अधिक जाणवते, असे अभ्यासांतही आढळते. शिवाय काहींचा गुडघा सांधा नीट बसूनही महिनोन्‌महिने दुखत राहतो. कारण शोधून झाले, उपाय करून झाले, तरी जे राहते त्याच्यासाठी तितिक्षा खरी कामाची आहे.

पण ती ज्याची त्याने स्वीकारायची असते. घरच्यांनी ‘थोडे सोसा की’ म्हणून ती लादण्याला कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संघटनेने 2020 साली सुधारलेल्या व्याख्येच्या टिपांमध्येही वेदना हा व्यक्तिगत अनुभव मानला आहे आणि रुग्ण जे सांगतो त्याचा मान राखावा असे म्हटले आहे.