संसर्गाची साखळी आणि दोषाचा प्रश्न

रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे एकदा मान्य केले, की तो भोगणाऱ्याच्याच कर्माचे फळ कसा ठरतो, हा प्रश्न भारतीय विचाराला नवा नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्रह्महत्येचे फळ म्हणून क्षयरोग सांगितला आहे, आणि अमुक पापाला अमुक व्याधी जोडून देणाऱ्या या विचारावर, म्हणजे कर्मविपाकावर, पुढे स्वतंत्र ग्रंथही रचले गेले. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात मात्र अग्निवेश आपले गुरू आत्रेय यांच्यापुढे नेमकी अडचण ठेवतो: ज्यांची प्रकृती, आहार, बळ आणि वय भिन्न आहे, अशी माणसे एकाच वेळी एकाच रोगाने कशी मरतात? आत्रेयांचे उत्तर असे की वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांच्या सामाईक असून त्या बिघडल्या की जनपदच उद्ध्वस्त होते. या बिघाडाच्या मुळाशी ते अधर्मच पाहतात, पण त्या अधर्माचा आरंभ रोग्यापासून नव्हे, तर देश आणि नगर चालवणाऱ्या प्रमुखांपासून करतात.

बीड जिल्ह्याने हा प्रश्न जवळून पाहिला आहे. ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले आणि काही आठवड्यांत सुरतेतून लाखो लोक प्लेगच्या भीतीने बाहेर पडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक घराबाहेर राहू लागले, घरात राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले आणि त्यांच्या अंगावरील पिसवांनी रोगजंतू माणसांपर्यंत आणला, असा उलगडा तेव्हा करण्यात आला. भूकंप, धान्य, उंदीर, पिसू अशा या कारणमालेत ज्याला गाठ आली त्याचे पाप कोठे बसवायचे, हे सांगता येत नाही.

शाळेत संसर्ग शिकवण्याचा एक प्रयोग हाच पेच मुलांच्या हातात देतो. प्रत्येक मुलाला अर्धा पेला पाणी दिले जाते. एकाच पेल्यात, कोणालाही न सांगता, चुन्याची निवळी असते. मुले जोड्या करून आपापले पाणी एकमेकांच्या पेल्यांत मिसळतात, पुन्हा वाटून घेतात, जोडीदाराचे नाव वहीत लिहितात आणि असे तीनदा करतात. मग हळदीच्या कागदाची पट्टी प्रत्येक पेल्यात बुडवली जाते. निवळी अल्कधर्मी असल्याने ती पोहोचली असेल तेथे पिवळी पट्टी तांबूस होते, आणि एका पेल्यापासून निघालेला हा रंग तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त आठ पेल्यांपर्यंत जातो. (हे पाणी पिण्याचे नाही आणि डोळ्यांपासून दूर ठेवायचे, हे आधीच बजावले पाहिजे.)

या प्रयोगाचा खरा कस यानंतर लागतो. वहीतल्या नावांवरून मागे जात मुले पहिल्या फेरीतल्या एका जोडीपर्यंत पोहोचतात आणि तेथे थांबतात, कारण पहिल्याच मिश्रणात दोन्ही पेले सारखे झालेले असतात आणि निवळी मुळात कोणाकडे होती हे कितीही तर्क केला तरी ठरत नाही. ज्याच्याकडे ती होती त्यालाही ते ठाऊक नव्हते. कार्यकारणभाव पूर्ण शाबूत असूनही येथे दोषी कोणी सापडत नाही. कर्मसिद्धान्त मानणारा म्हणेल की पूर्वजन्मीचे कर्मच तो पेला त्या हातात देते. हळदीच्या पट्टीने हे खोडता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्या दुःखाचा अर्थ लावण्यासाठी एखाद्याने हा सिद्धान्त जवळ करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या दुःखावर तो लादणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा अधिकार कोणालाही नाही.

शिक्षकाने येथे आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. पाण्याला कोणी शिवायचे यावर ज्या समाजात शतकानुशतके बंदी होती आणि ज्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, तेथे ‘स्पर्शाने रोग जातो’ हे वाक्य विटाळाच्या जुन्या समजुतीत सहज मिसळते. विटाळ जन्माने चिकटवला जात असे. जंतू मात्र कुळ पाहत नाही आणि बहुतेक वेळा रोग बरा झाला की संसर्गही संपतो. हा फरक वर्गात स्पष्ट शब्दांत मांडला गेला नाही, तर प्रयोग विज्ञानाच्या नावाने शिवाशिवच शिकवील.

हाच प्रयोग दुसऱ्या वेळी करताना काही पेल्यांत आधीच पुरेसा लिंबाचा रस घातला, तर ते आम्ल निवळीचा प्रभाव मारते. पट्टी पिवळीच राहते आणि त्या पेल्यापुढे साखळी तुटते. लसीने शरीरात आधीच तयार झालेली प्रतिकारशक्ती असेच काम करते, आणि रस न घातलेले काही पेलेही त्यामुळे वाचतात, याला समूह प्रतिकारशक्ती म्हणतात. गोवरासारख्या अतिसंसर्गजन्य रोगात ही साखळी रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात. गीतेतील लोकसंग्रहाची, म्हणजे समाजाची धारणा टिकवणाऱ्या कर्माची, कल्पना येथे नेमकी लागू पडते. आपल्या दंडावर घेतलेली लस अनोळखी बाळाच्या उपयोगी पडते आणि त्याचे श्रेय कोणाला देताही येत नाही. परंतु दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबांतील मूल पुढील काही महिने साखर कारखान्याच्या परिसरातील कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते आणि गावच्या आरोग्यसेविकेच्या यादीतील त्याची लस हुकू शकते. त्या मुलाला गोवर झाला, तर आत्रेयांच्या उत्तरानुसारही प्रश्न त्याच्या आईवडिलांच्या कर्माला विचारायचा नसून, ती यादी त्या कुटुंबासोबत कारखान्यापर्यंत का गेली नाही, असा व्यवस्था चालवणाऱ्यांना विचारायचा आहे.