पंचवीस तासांची सक्ती

मामा कोपनहेगनला आले आणि तिसऱ्याच चहाला इथल्या सक्तीच्या पाळणाघरावरून आमचं वाजलं.

मामा : मूल वर्षाचं झालं की पाळणाघरात, आठवड्याला 25 तास. डॅनिश कानावर पडतं, नाताळ-ईस्टर कळतात. यात ओरडण्यासारखं काय? इथल्या आयाही मुलांना पाठवतातच की.

मी : पाठवतात, त्यांना सोयीचं म्हणून. कुणी नाही पाठवलं तर सरकार विचारत नाही. 2018 नंतरची सक्ती ठरावीक वस्त्यांपुरती आहे. तिथल्या आईनं ऐकलं नाही तर मुलाचा भत्ता बंद होऊ शकतो. आणि त्या 25 तासांत दुपारची झोप धरत नाहीत.

मामा : झोपेत संस्कार होत नाहीत, असं दिसतं! बरं, वस्त्या ठरतात कशा?

मी : हजारावर रहिवासी, बेकारी, शिक्षण, गुन्हे, उत्पन्न असे निकष आहेत. पण खरा काटा पुढे : त्यातल्या ज्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक 'बिगर-पाश्चात्य', ती आणखी एका यादीत जाते. इथल्या नोरेब्रो भागातली म्योल्नरपार्कन वस्ती त्यातच आली. त्या यादीला आधी चक्क 'घेट्टो' म्हणायचे. 2021 मध्ये तो शब्द काढून 'समांतर समाज' म्हणू लागले. यादी मात्र राहिली.

मामा : म्हणजे तूही बिगर-पाश्चात्य?

मी : मी आहे, जपानी माणूसही आहे. ऑस्ट्रेलियन नाही. उद्या माझं मूल इथे जन्मलं तरी त्याची नोंद बहुधा माझ्याच रकान्यात. फक्त मी त्या वस्तीत राहत नाही, म्हणून मला कुणी दरडावत नाही.

(मामांचा स्वभाव असा की मुद्दा पटला की ते दुसऱ्या दारानं आत येतात.)

मामा : पण आपणही 2020 मध्ये शाळांत मराठी सक्तीची केलीच ना? तेव्हा तूच फोनवर खूश होतीस.

मी : होते. पण ती सगळ्या शाळांना आहे. मलबार हिलला वेगळा नियम अन् धारावीला वेगळा, असं नाही.

मामा : मग इथेही सगळ्यांना लावा.

मी : तसा कायदा आणून बघा, इथले आईबाप रस्त्यावर येतील. मूल कुठे वाढवायचं हे आम्ही ठरवणार, म्हणतील.

मामा : हं. म्हणजे स्वतःला नको ती सक्ती शेजाऱ्याला. हे वाईटच. (थोडं थांबून) पण एक सांग. घरात कुणालाच डॅनिश येत नाही, मूल सहाव्या वर्षी शाळेत बसलं आणि बाईंचं एक अक्षरही कळेना. तुझं समतेचं तत्त्व त्याला ती गेलेली वर्षं भरून देईल का?

मी : नाही देणार. म्हणून पाळणाघर दारात आणा, फुकट द्या, आयांनाही आत बसू द्या.

मामा : आणि तरीही नाहीच आल्या तर?

मी : तर आणखी एकदा बोलवायचं.

मामा : किती वेळा? मूल थांबत नाही गं, ते वाढत असतं.

यावर मला पटकन काही सुचलं नाही. एवढंच म्हणाले, की निदान दार ठोठावताना घरावरच्या पाटीवरचं आडनाव वाचू नये.