परदुःखाचें प्रमाण

‘परदुःख शीतळ’ अशी एक म्हण आपल्या भाषेंत आहे. दुसऱ्याच्या अंगाची आग आपल्याला थंड लागते, असा तिचा सरळ अर्थ. आणि माणसाच्या निष्ठुरपणावर ठेवलेला ठपका म्हणूनच ती बहुधा योजिली जाते. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल, कीं परदुःख शीतळ लागण्याचें कारण प्रत्येक वेळीं अंतःकरणाचा कठोरपणा हेंच असतें असें नाहीं. पुष्कळदां आपण निष्ठुर नसतों. आपली केवळ खात्री पटलेली नसते. समोरचा मनुष्य खरोखर दुःखांत आहे असें कळलें तर आपण धांवून जाऊं; पण तें कळावें कशानें? त्याचें दुःख आपल्या डोळ्यांना दिसत नाहीं, हाताला लागत नाहीं. आपल्यापर्यंत येतो तो त्याचा शब्द. त्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा कीं नाहीं, आणि ठेवावयाचा तर किती, हा प्रश्न वरवर पाहतां ज्ञानशास्त्राचा आहे. परंतु त्याचें उत्तर आपण जसें देऊं तसें आपलें वर्तन बनतें, म्हणून तो नीतिशास्त्राचाही आहे. त्याचा थोडा ऊहापोह येथें करण्याचें योजिलें असून त्यासाठीं एका रोगाचें उदाहरण घेतलें आहे. हें उदाहरण आम्हीं ग्रंथांतून शोधून काढलेलें नाहीं. तें आमच्या वर्गांत आमच्या डोळ्यांसमोर बसलेलें होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गांत एक विद्यार्थिनी होती. वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरे. ती रोज पांच-सात मिनिटें उशिरां येई, दाराशीं क्षणभर थांबे, आणि बांकावर बसल्यावर बराच वेळ मान खालीं घालून राही. प्रकृतीनें ती अशक्त दिसत नसे. उलट चेहऱ्यावर तजेला होता. एके दिवशीं आम्हीं तिला सर्वांदेखत उशिराचें कारण विचारलें. ती म्हणाली, “सर, जिना चढतांना मला दम लागतो.” त्यावर आम्ही म्हणालों, “विसाव्या वर्षीं दम? पन्नाशी उलटली तरी आम्ही तेच जिने चढून येतों.” वर्ग हंसला. ती पुन्हां कांहीं बोलली नाहीं. आणि पुढच्या सत्रांत ती वर्गांत दिसेनाशी झाली. मागाहून कळलें, कीं एकदां जिन्यांतच तिला घेरी आली, आणि पुष्कळ तपासण्यांनंतर तिला पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसांतील रक्तदाब वाढण्याचा विकार, असल्याचें निष्पन्न झालें. घरीं दोन वर्षें तिला आळशी म्हणत होते. एका डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्यांनीं हा मनाचा खेळ आहे म्हणून सांगितलें होतें. आणि आम्हीं विनोद केला होता.

ह्या विकाराचें स्वरूप ध्यानांत आलें म्हणजे आम्ही सर्व कां फसलों हेंही ध्यानांत येईल. हृदयाला आपण एक इंद्रिय म्हणतों; पण वास्तविक तीं शेजारीं शेजारीं बांधलेलीं दोन यंत्रें आहेत. शरीरांतून परत आलेलें, प्राणवायु खर्चून बसलेलें रक्त उजवीकडचें यंत्र फुप्फुसांकडे लोटतें. फुप्फुसांतून ताजें होऊन आलेलें रक्त डावीकडचें यंत्र सर्व शरीरभर पाठवितें. स्वस्थ बसलेल्या मनुष्यांत दोन्ही यंत्रांतून दर मिनिटास सारखेंच, म्हणजे सुमारें ५ लिटर, रक्त जातें. परंतु डावीकडच्याला डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत मजल मारावयाची असते, म्हणून त्याच्या रोहिणींत सरासरी दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरांच्या आसपास असतो. उजवीकडच्याला जावयाचें तें शेजारच्या घरीं. तेथील सरासरी दाब अवघा १४ मिलिमीटरांच्या आसपास. म्हणूनच उजव्या कप्प्याची भिंतही पातळ असते.

फुप्फुसांत कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश आहेत, आणि प्रत्येकाभोंवतीं केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचें जाळें आहे. रक्तांतील तांबडी पेशी ह्या जाळ्यांतून पाऊण सेकंदांत पार होते. आणि त्या पाऊण सेकंदाच्याही पहिल्या तृतीयांशांतच तिचा प्राणवायूचा भरणा पुरा होतो. १०० मिलिलिटर रक्त सुमारें २० मिलिलिटर प्राणवायु वाहून नेतें. त्यांतला नुसता विरघळलेला भाग जेमतेम ०.३ मिलिलिटर, बाकीचा सर्व भार हिमोग्लोबिन उचलतें. श्वास, रक्त आणि हृदय यांची ही भागीदारी इतकी मुकाट्यानें चाललेली असते, कीं ती मोडेपर्यंत तिची आठवणही आपल्याला होत नाहीं.

ह्या विकारांत बहुधा फुप्फुसांतील लहान रोहिणींच्या भिंती जाड होत जातात आणि त्यांचा मार्ग अरुंद होतो. त्याच मार्गानें तितकेंच रक्त लोटावयाचें म्हणजे दाब वाढणारच. आणि तो सोसावयाचा पातळ भिंतीच्या उजव्या कप्प्यानें. प्रथम त्याची भिंत जाड होते, मग तो फुगतो, आणि शेवटीं थकतो. ह्याचीं कारणें अनेक आहेत: डाव्या हृदयाचे विकार, फुप्फुसांचे जुने आजार, फुप्फुसांत अडकून राहिलेल्या रक्ताच्या गुठळ्या, जन्मतःच हृदयाच्या पडद्याला असलेलें छिद्र. आपल्या देशांत लहानपणच्या संधिवाती तापानें अरुंद झालेली हृदयाची झडप हेंही त्यांतलें एक. कांहींच्या बाबतींत मात्र कारण सांपडतच नाहीं, आणि अशा रोग्यांत स्त्रिया अधिक असतात.

आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं असा मनुष्य स्वस्थ बसला असतां प्रारंभीं पुष्कळ काळ धडधाकट दिसतो. बसल्या जागीं लागणारें रक्त अरुंद वाटेनेंही पुरतें. जिना चढूं लागलें, कीं शरीर अधिक रक्त मागतें; वाट तें देऊं शकत नाहीं; आणि धाप लागते, डोळ्यांपुढें अंधारी येते. आपण दंडाला पट्टा बांधून जो रक्तदाब मोजतों तो डावीकडच्या यंत्राचा. उजवीकडच्याची वार्ता त्या पट्ट्याला नसते. बोटाला लावावयाचें प्राणवायुमापक यंत्रही प्रारंभीं बरेंच वेळां निर्दोष आंकडा दाखवितें. म्हणजे डोळा, पट्टा आणि यंत्र हे तिन्ही साक्षीदार एकमुखानें सांगतात, कीं हिला कांहीं झालेलें नाहीं. विरुद्ध बाजूला एकच साक्ष उरते: ‘मला दम लागतो’ हा तिचा शब्द.

आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांना प्रत्यक्षाखेरीज दुसरें कांहींच मान्य नाहीं. आमचा अनुभव असा आहे, कीं आपण सर्वजण स्वतःच्या दुःखाविषयीं नैयायिक आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयीं चार्वाक असतों. आपलें डोकें दुखलें तर ‘मी सांगतों ना’ एवढा पुरावा आपल्याला पुरेसा वाटतो. दुसऱ्याचें दुखलें तर आपण ताप पाहूं लागतों.

केवळ प्रत्यक्षावर विसंबून जर शास्त्र बसलें असतें, तर रक्ताभिसरणाचा शोधच लागता ना. विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं आपला सिद्धांत प्रसिद्ध केला, तेव्हां रोहिणींतून नीलांत रक्त ज्या वाटेनें जातें ती वाट त्यानें पाहिलेली नव्हती. हृदय एका ठोक्यास किती रक्त बाहेर टाकतें आणि अर्ध्या तासांत असे ठोके किती पडतात याचा त्यानें हिशेब केला. तें रक्त शरीरांतील एकंदर रक्ताहून अधिक भरतें, तेव्हां तेंच रक्त फिरून फिरून येत असलें पाहिजे, असें अनुमान त्यानें बांधलें. केशवाहिन्या माल्पीगीला बेडकाच्या फुप्फुसांत दिसल्या त्या १६६१ सालीं. हार्वे १६५७ सालींच वारला होता. न दिसणारी वस्तु नसतेच असें त्यानें मानलें नाहीं, हें त्याचें मोठेपण.

पण अनुमानालाही कोठून तरी आरंभ लागतो, आणि रोग्याच्या बाबतींत तो आरंभ शब्दानेंच होतो. न्यायशास्त्रांत शब्द प्रमाण मानला आहे तो वाटेल त्याचा नव्हे, आप्ताचा. ज्याला वस्तूचें साक्षात् ज्ञान आहे आणि तें जसेंच्या तसें सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. त्या विद्यार्थिनीला आपल्या दमाचें कारण ठाऊक नव्हतें. त्या बाबतींत आप्त म्हणजे वैद्य. परंतु दम लागतो कीं नाहीं, ह्या एका गोष्टीपुरती साऱ्या जगांत तिच्याइतकी अधिकारी व्यक्ति दुसरी कोणीच नव्हती. आमची चूक झाली ती येथें. कारणाविषयींची शंका आम्हीं अनुभवावर लादली. कारण दिसेना, म्हणून अनुभवच खोटा ठरविला.

यावर कोणी म्हणेल, कीं जगांत कामचुकार माणसें नाहींत काय? वर्ग चुकविण्यासाठीं पोटदुखी काढणारे विद्यार्थी शिक्षकानें पाहिलेले नाहींत काय? शिवाय दम लागण्याचीं साधीं कारणें पुष्कळ आहेत. रक्त कमी असणें, दमा असणें, शरीराला व्यायाम नसणें. प्रत्येक धापेमागें भयंकर रोग शोधूं लागलें तर वैद्यांनीं करावें काय आणि गरिबांनीं पैसा आणावा कोठून? आक्षेप रास्त आहे. लोहाच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनीं प्रथम त्या दिल्या यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. दोष दिसतो तो पुढें. गोळ्यांनीं गुण आला नाहीं, तेव्हां संशय गोळ्यांवर जावयास हवा होता. तो मुलीवर गेला.

लबाडीच्या प्रश्नाचा निकाल दोन चुकांची तुलना केल्यानें लागतो. ती खोटें बोलत असती आणि आम्हीं विश्वास ठेवला असता, तर आमच्या शिस्तीचीं सात मिनिटें बुडालीं असतीं. ती खरें बोलत होती आणि आम्हीं विश्वास ठेवला नाहीं, त्याची किंमत कोणती? ज्या काळीं ह्या विकारावर खास औषध नव्हतें त्या काळचा एक आंकडा बोलका आहे. अमेरिकेंत १९८१ ते १९८५ या वर्षांत ज्यांची नोंद झाली अशा, कारण न सांपडलेल्या रोग्यांपैकीं निम्मे निदानानंतर सुमारें तीन वर्षांत दगावले. १९९५ सालीं तेथें एपोप्रोस्टेनॉल या औषधास मान्यता मिळाली आणि पुढें पोटांत घेण्याचीं औषधेंही निघालीं. रोग समूळ जातो असें नाहीं, पण आयुष्य लांबतें आणि सुसह्य होतें. अशा रोगांत अविश्वासानें घालविलेलीं दोन वर्षें म्हणजे केवढी लूट! न्यायालयांत संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. आपण घरांत आणि वर्गांत आजारी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यांत तर उभें करतों, पण तो फायदा मात्र त्याला देत नाहीं.

कोणी असेंही म्हणेल, कीं आतां यंत्रें झालीं आहेत. शब्दाचें काम काय? यंत्रें झालीं हें खरें. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानें, वरिष्ठांची मनाई असतां, स्वतःच्या दंडाच्या नीलेंतून नळी सरकवीत हृदयापर्यंत नेली, आणि तसाच चालत जाऊन क्ष-किरणांनीं तिचें चित्र घेतलें. पुढें कूर्नां आणि रिचर्ड्स यांनीं त्या मार्गाचा विस्तार केला, आणि १९५६ सालीं तिघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळालें. उजव्या हृदयांतून नळी घालूनच आजही ह्या रोगाचा अखेरचा निर्णय होतो. पण ही नळी रस्त्यानें जाणाऱ्याच्या हृदयांत कोणी घालीत नाहीं. तिच्यापर्यंत रोगी पोंचतो तो कोणीतरी, कधींतरी, कसलाही पुरावा नसतांना त्याचें म्हणणें खरें मानलें म्हणूनच. प्रत्यक्षाचें दार उघडणारी किल्ली शब्द हीच आहे.

आणि यंत्राचा आंकडा तरी कितपत अढळ? सरासरी दाब २५ मिलिमीटर झाला म्हणजे रोग, अशी व्याख्या कित्येक वर्षें चालत आली होती. २०१८ सालीं नीस येथें भरलेल्या जागतिक परिषदेंत ती मर्यादा २० च्या वर अशी खालीं आणण्यांत आली. दोन रेषांच्या मधल्या मनुष्याची धाप त्या दिवशीं कांहीं सुरू झाली नाहीं. ती आधींपासून होतीच. तिला मान्यता तेवढी मिळाली.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच, कीं दुसऱ्याच्या दुःखाविषयीं त्याचा शब्द हें पहिलें प्रमाण मानावें. बाधक पुरावा येईपर्यंत तें सोडूं नये. आणि पुरावा न सांपडणें हाच बाधक पुरावा समजूं नये. घरांतील सून, कारखान्यांतील मजूर, वर्गांतील मागच्या बांकावरची मुलगी, अशांच्या बाबतींत हें अधिक कसोशीनें पाळावें; कारण ज्यांच्या थकव्यानें आपली गैरसोय होते, त्यांच्यावर अविश्वास ठेवण्यांत आपला स्वार्थ असतो, आणि तो आपल्याला दिसत नाहीं.

ती विद्यार्थिनी औषधोपचारानंतर परीक्षेस बसली. तिची जागा तळमजल्यावर ठेवली होती. परीक्षा आटोपल्यावर आम्हीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “सर, तुमचें काय चुकलें? शेवटीं शेवटीं मलाही वाटायला लागलें होतें, कीं मी सोंगच करतेंय.” आमच्या विनोदाचा खरा परिणाम काय झाला होता, तो त्या क्षणीं आम्हांस कळला. जगांतील एकुलता एक साक्षीदार आपल्या स्वतःच्या साक्षीवरचा विश्वास गमावून बसला होता. आणि तो गमावण्यास आमचाही हातभार लागला होता.