भीड आणि भीती

पुण्यातील पाट्यांचा खवचटपणा सर्वश्रुत आहे. ‘दुकान दुपारी १ ते ४ बंद’ या पाटीवर बाहेरगावच्या लोकांनी किती विनोद केले असतील, त्याला गणती नाही. चितळे बंधूंचे दुकान २०१७ पासून दुपारीही उघडे राहू लागले, तरी ते विनोद काही थांबले नाहीत. पाटीवरचा टोमणा मात्र कोणी फारसा मनाला लावून घेत नाही. ती दुकानदाराने स्वतःच्या उंबऱ्यावर लावलेली असते आणि लावणारा समोरच गल्ल्यावर बसलेला असतो. राग आला तर गिऱ्हाइकाला तेथल्या तेथे सुनावता येते.

चौकातल्या भल्यामोठ्या जाहिरातफलकाला असे उलट उत्तर देता येत नाही. १९६६ साली मुंबईत सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरातसंस्थेत अमूल लोण्याची ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी जन्मली. एका गणेशोत्सवात ती ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’ असे म्हणाली. बाप्पाने लोणी थोडे अधिक घ्यावे, एवढाच त्या कोटीचा अर्थ. पण फलक काढा, नाहीतर कचेरी मोडू, असा दम शिवसैनिकांनी भरला, ही हकीकत जाहिरातवाल्यांनीच सांगितली आहे.

अशा वेळी कोटी सौम्य करावी काय? माझ्या मते हे सारे ती कशासाठी सौम्य केली यावर अवलंबून आहे. आजी समोर बसली असता आपण एखादा चावट विनोद ओठांवरच अडवतो. ती मारील म्हणून नव्हे. तिचे मन आपल्याला ठाऊक असते म्हणून. ही झाली भीड. दगडाच्या धाकाने गिळलेला शब्द ही भीती. फलकावरचे शब्द दोन्हींमुळे सारखेच मऊ होतात. परंतु भीड दुसऱ्याच्या मनाचा विचार करते, भीती त्याच्या हातातल्या दगडाचा. ती कोटी किती भाविकांना खरोखर बोचली आणि किती जण हसून पुढे गेले, हे दम भरल्यावर कोण विचारतो? भांडण भाविकांच्या नावाने, आणि त्यात भाविकालाच बोलायला जागा नाही!

२०११ च्या जुलैत अमूलच्याच फलकावरून पुण्यात वाद झाला. त्या वेळी थट्टेचा विषय होते खासदार सुरेश कलमाडी. देव आणि पुढारी यांना आपण एकाच मखरात बसवू लागलो, तर थट्टेला जागा तरी कोठे उरणार? भाविकाची भीड मी जरूर ठेवीन. लोकांची मते मागणाऱ्याने मात्र लोकांची थट्टाही थोडी सोसावी.

दिवाळीत एखाद्या पाहुण्याला चकली तिखट लागते. त्याच्या बशीत आपण लाडू वाढतो. हा पाहुणचार झाला. पण कोणीतरी बशी भिरकावील म्हणून घरात तिखट करणेच सोडले, तर त्या बिचाऱ्या पाहुण्याचीही दिवाळी मिळमिळीतच जायची.