अर्ज कोणाच्या हातचा?



दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतला एक मुलगा रात्री नऊ वाजता अथालच्या आमच्या घरी आला. महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जाची मुदत त्याच रात्री संपत होती. बारावीच्या गुणपत्रकाखेरीज त्याच्याजवळ काही नव्हते. विषय कोणता घ्यायचा, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्हाला बरा वाटेल तो घाला." मी घातला. दिवाळीनंतर त्याने कॉलेज सोडले. मी रागावलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "अर्ज तर तुमचाच होता, काका."

त्या उत्तराने मी निरुत्तर झालो. मदत करता करता मी त्याची निवडच त्याच्या हातून काढून घेतली होती, आणि त्याला माझे उपकारही मानायला लावले होते.

आमच्या भागात हा प्रश्न अधिकच अवघड आहे. सिल्वासाच्या आसपास कारखाने आहेत, आणि अठरा वर्षांचा मुलगा कंपनीत लागला तर पुढच्या महिन्यापासून घरात पगार येतो. कॉलेजचा अर्ज त्या पगाराशी झुंजत असतो. अशा वेळी "शीकच" किंवा "कामाला लाग" असे ठामपणे सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला? बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने सांगितले (लूक 14). तो हिशेब मुलाने व त्याच्या आईवडिलांनी करावयाचा. आपण फार तर फी, वसतिगृह व बसभाड्याचे आकडे आणून द्यावेत.

मदतीचा दुसरा धोका याहून वाईट आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. एका बापाचे उत्पन्न ओव्हरटाइममुळे थोडे वर जात होते. तो म्हणाला, "जरा कमी लिहा ना भाऊ, पोरीसाठीच आहे." मला रिबका आठवली (उत्पत्ती 27). तिनेही लेकासाठीच केले. त्याच्या हातांना करडांची कातडी गुंडाळली, थोरल्याचे कपडे घातले, आशीर्वाद मिळवून दिला. याकोबाला मात्र घर सोडून पळावे लागले, आणि त्या मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कोठे सांगितलेले नाही. मी त्या बापाला नाही म्हटले. तो अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही, आणि त्याचे मला वाईट वाटते.

मला वाटते, ही दोन्ही पापे उशिरातून जन्मतात. मुदतीच्या रात्री माणूस दुसऱ्याचे ठरवूनही टाकतो आणि खोटेही लिहितो. सिल्वासात 2019 साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, याचा आम्हा सर्वांना आनंद आहे. पण अकरावीत जीवशास्त्र घेतलेच नाही तर त्या मुलीला ती वाट जवळजवळ बंद होते. म्हणजे तिचा खरा अर्ज दहावीच्या निकालाच्या आठवड्यातच भरला जातो, आणि तेव्हा घरात कोणी काही विचारत नाही. कागदांचेही तेच. आपल्या मुलांची नावे शाळेत योहान, आधारवर जॉन, एकाच्या आडनावात एक अक्षर कमी. हे नववीत दिसले तर सावकाश दुरुस्त होते. बारावीनंतर दिसले तर प्रतिज्ञापत्र आणि धावपळ.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, नववीच्या मुलांना वर्षातून एकदा तरी कागदांची पिशवी घेऊन बोलवावे. "तुला काय व्हायचे आहे?" हा प्रश्न मात्र लगेच विचारू नये. त्याचे उत्तर मुले आपल्याला आवडेल असेच देतात. कोणता धडा स्वतःहून पुन्हा वाचलास, सुट्टीत कोणाच्या कामात हात लावलास, हे विचारावे.

परवा दहावीतली एक मुलगी माझ्यासमोर बसून सरावाचा अर्ज भरत होती. अक्षर वेडेवाकडे, दोन ठिकाणी खाडाखोड. विषयाच्या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी उठून आत पाणी आणायला गेलो.