पितृऋणाचा प्रश्न

दिल्लीलगत, अरवलीच्या टेकड्यांतील अनंगपूर येथे अश्मयुगीन मानवाच्या हातकुऱ्हाडी सापडल्या. त्या घडविणाऱ्यांची हाडे मात्र सापडली नाहीत. प्राचीन मानवी कवटी मिळाली ती दूर नर्मदाकाठी, हथनोऱ्याला, १९८२ साली. आणि ती कोणत्या मानवजातीची, हा वाद अद्याप मिटलेला नाही. मग ज्यांच्याशी रक्ताचे नाते सिद्ध होत नाही, त्यांचे ऋण मानावयाचे कशासाठी? परंतु वारसा केवळ रक्ताने येत नाही. दगडात दडलेली धार ज्या हाताने ओळखली, त्या हाताचे कसब पिढ्यान्‌पिढ्या झिरपत आजच्या पाथरवटापर्यंत आले आहे. पुढे त्याच टेकड्या फोडून निघालेल्या खडीवर दिल्लीची घरे उभी राहिली, आणि संशोधकाने वाचावयाची पानेही त्या खडीबरोबर चुरडली गेली. पितर अनाम आहेत, एवढ्याने ऋण फिटत नाही.