भाड्याचा खांदा

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात अंत्यसंस्कार-सेवा पुरवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीने दालन थाटले आणि तिरडी, भटजी व खांदेकऱ्यांपासून अस्थिविसर्जनापर्यंत सारे ठरावीक रकमेत मिळते हे कळताच समाजमाध्यमांवर हळहळ व्यक्त होऊ लागली. पूर्वी समाज एक पैसाही न घेता दुःखात उभा राहत असे, आता खांदासुद्धा भाड्याने आणावा लागतो, हे विधान त्यानंतर इतक्या वेळा ऐकू आले की त्यातला ‘समाज’ म्हणजे नेमके कोण, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

गावगाड्यात मर्तिकाचा सांगावा घेऊन ऊनपावसात परगावी जाणे आणि सरणाची लाकडे पोचवणे ही कामे महार वतनदाराच्या माथी होती, आणि त्या वेठीला ऐच्छिक शेजारधर्म म्हणणे हे निव्वळ ढोंग ठरेल. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच वतनी राबणुकीच्या विरोधात. ठरलेला पगार घेऊन तिरडी बांधणारा आणि नको असल्यास ती नोकरी सोडू शकणारा कामगार या व्यवस्थेपेक्षा कितीतरी बरा. त्याच्या मजुरीने मृत्यू बाटतो असे मानणाऱ्यांनी भटजींच्या दक्षिणेचाही हिशेब मांडावा.

पैशाचा आक्षेप असा निकालात निघाला, तरी शोकाला वेळच उरत नाही हा वेळेचा आक्षेप उरतो आणि तो अधिक गंभीर आहे. तो समजून घ्यायचा तर रॉबेर हर्त्झकडे जावे लागते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्युर्केमचा हा शिष्य १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात ऐन तिशीत मारला गेला, आणि ज्या बोर्निओविषयी त्याने १९०७ मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तिथे त्याने पाऊलही ठेवले नव्हते. तिथल्या दायाक लोकांत प्रेत आधी तात्पुरते ठेवले जाते आणि पुष्कळ काळाने, कधी काही वर्षांनी, हाडांचा अंतिम विधी मोठ्या समारंभाने होतो. या दुहेरी अंत्यविधीतून हर्त्झने असे दाखवले की प्रेताचे कुजणे, आत्म्याचे भटकणे आणि आप्तांचे समाजापासून दूर राहणे या तिन्ही अवस्था एकमेकींना समांतर चालतात व एकदमच संपतात. मृत्यू म्हणजे एक क्षण नसून समाजाने सावकाश पार पाडलेले संक्रमण आहे, हा त्याचा सिद्धान्त. सुतक, तिसऱ्या दिवशी राख सावडणे, दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणे, तेरावे आणि वर्षश्राद्ध या क्रमातही तेच संक्रमण दिसते, कारण घरच्यांनी लगेच पूर्ववत व्हावे अशी अपेक्षा त्यात कोणीच करत नाही. विद्युतदाहिनी काही तासांत राख हाती देते, दिवसही तिसऱ्या दिवशीच उरकले जातात, आणि ‘तुम्हाला काहीही करावे लागणार नाही’ हे आश्वासन देणारी सेवा नेमकी तीच गोष्ट काढून घेते जिच्या आधारे शोकाकुल माणूस ते दिवस काढत असे, म्हणजे हाताला काम.

या पोकळीत मग शोकाचे पाच टप्पे आणून बसवले जातात, जरी मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते १९६९ च्या आपल्या पुस्तकात मरणासन्न रुग्णांशी बोलून मांडले होते, मागे राहिलेल्यांशी नव्हे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये लांबलेल्या शोकाला विकार ठरवताना प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची अट घातली, तेव्हा वर्षश्राद्धाच्या अभिमान्यांना गुदगुल्या झाल्या असतील.

तथापि जुन्या क्रमाचा हा कैवार फार पुढे नेता येत नाही, आणि त्याला अडवणारा साक्षीदार हर्त्झच आहे. परका, गुलाम किंवा लहान मूल यांच्या मृत्यूची समाज जेमतेमच दखल घेतो, असे त्यानेच नोंदवले आहे. म्हणजे विधी सांभाळतो तो समाजाला पडलेले खिंडार, एखाद्याचे दुःख नव्हे. मृत अर्भक पुरले जाते, त्याला तेरावे नसते आणि त्याच्या आईला कोणी सुतकाचीही सवड देत नाही. विधवेची अवस्था याहून वाईट, कारण तिच्यासाठी विधी असतो आणि तोच तिच्यावर उलटतो. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. पतीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या तासांत तिच्याच नात्यागोत्यातल्या बायकांनी तिला काय ‘आधार’ दिला होता, याचा तो ठराव म्हणजे लेखी कबुलीजबाबच.

इथे परका माणूस उपयोगी पडतो. भावकीतला वडीलधारा जे कधी विचारणार नाही ते सेवा देणारा कर्मचारी विचारू शकतो: अग्नी मुलगी देणार का, पत्नीला स्मशानात यायचे आहे का, आईला बाळ एकदा हातात घ्यायचे आहे का, तिरडीच्या दोऱ्या घरच्यांनाच बांधायच्या आहेत का. मृत्यूच्या नोंदीसाठी कायद्याने दिलेले एकवीस दिवस, बँक, निवृत्तिवेतन यांचा कागदी भार तो उचलू शकतो, आणि तेराव्यानंतर समाचाराला येणाऱ्यांची वर्दळ थांबते तेव्हा पुन्हा दार वाजवू शकतो. यासाठी प्रशिक्षित माणसांचे तास लागतात. त्या तासांचे पैसे कंपनीने अवश्य घ्यावेत, मात्र ज्याच्या घरी ते देण्याची ऐपत नाही त्याच्यासाठी तेच तास महापालिकेने आपल्या स्मशानभूमीत उपलब्ध ठेवावेत, कारण सरणाची सोय करणे हे जर तिचे काम असेल तर हेही आहे.